लाइनअपचा मॅग्नेटवाला बोर्ड घेतला, तीन महिने वापरला, सांगतो कसा आहे

आधीच सांगून टाकतो, हा बोर्ड कोच लोकांसाठी असतो आणि मी कोच नाहीये. मी मिसिसागात राहणारा, मूळचा खडकीचा, चाळिशी ओलांडलेला माणूस आहे, मुलाला पहाटे साडेपाचला रिंकवर सोडतो आणि थंड बाकावर कॉफी धरून बसतो एवढाच माझा बर्फावरच्या हॉकीशी अधिकृत संबंध. पण १८ मे २०२५ च्या रात्री एनएचएलच्या, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या मोठ्या आइस हॉकी लीगच्या, प्लेऑफमध्ये (सात मॅचच्या बाद सिरीजमध्ये) टोरांटो स्वतःच्या घरी फ्लोरिडाकडून सातवी मॅच ६-१ नी हरलं, त्याच सिरीजमध्ये पाचवी मॅचसुद्धा घरीच ६-१ नी हरलं होतं, आणि त्याच्याही आधी सिरीजमध्ये २-० नी पुढे होतं हे वेगळंच, तर त्या रात्री झोप काही येईना. डोक्यात एकच, की एवढे महागडे फॉरवर्ड असून हे लोक दर वर्षी असे का हरतात, आणि मी असतो तर कोणाला कोणाबरोबर खेळवलं असतं. बायको म्हणाली, "अरे, कागदावर लिहून काढ आणि झोप." कागदावर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, कागद फाटला. त्याच आठवड्यात जाऊन हा बोर्ड आणला.

दुकानाचं नाव लिहित नाही, कारण पुढे थोडी कुरकूर करणार आहे. हॉकीच्या सामानाचं दुकान आहे, स्केटला धार लावून देतात तिथेच मागच्या भिंतीला हे बोर्ड टांगलेले असतात. साधारण सत्तर डॉलर, वर १३ टक्के टॅक्स. दोन फूट बाय तीन फूट, ॲल्युमिनियमची चौकट, मागे टांगायला दोन हुक. वरच्या अर्ध्या भागात रिंकचं चित्र, खालच्या अर्ध्या भागात चौकोन आखलेले, फॉरवर्डचे चार ओळी गुणिले तीन म्हणजे बारा, डिफेन्सचे सहा, गोलीचे म्हणजे गोलकीपरचे दोन, आणि बाजूला एक रिकामी पट्टी, जे आज खेळणार नाहीत त्यांच्यासाठी. सोबत तीस गोल चकत्या, एक मार्कर, एक डस्टर. डस्टर आपल्या शाळेतल्यासारखाच, फक्त खडूचा वास नाही.

ज्यांनी आइस हॉकी कधी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन ओळीत. एका वेळी बर्फावर पाच खेळाडू आणि एक गोली, पण मॅचला वीस जण तयार होतात, त्यातले साधारण बारा फॉरवर्ड. हे बारा तीन-तीनच्या चार लाइनमध्ये वाटलेले असतात, डावा विंग, सेंटर, उजवा विंग. एक लाइन पाऊण मिनिटभर जीव तोडून पळते आणि बाहेर येते, दुसरी आत उडी मारते, खेळ चालू असतानाच. लग्नाच्या पंगतीत वाढपी कसे बादली रिकामी झाली की मागे आणि भरलेला पुढे, तसं अखंड चालतं. पहिल्या लाइनला मॅचमध्ये वीसेक मिनिटं मिळतात, चौथीला आठ-दहा. मुद्दा एवढाच की मॅचच्या साठ मिनिटांपैकी मोठा हिस्सा असा असतो की तुमचा सगळ्यात भारी माणूस बाकावर बसून पाणी पीत असतो. हे मला टीव्हीवर दहा वर्षं बघून नीट कळलं नव्हतं, बोर्डावर चकत्या लावल्यावर पहिल्या संध्याकाळी कळलं. त्यासाठीच मी या वस्तूला बरे मार्क देणार आहे, बाकी दोष असतील ते असोत.

तर टोरांटो लावलं. पहिली लाइन सोपी, नाइज, मॅथ्यूज, मार्नर. मॅथ्यूजनी २०२३-२४ मध्ये ६९ गोल मारलेत, मार्नर पास द्यायला, नाइज अंगानं दणकट, गोलसमोर उभा राहून मार खाणारा. दुसऱ्या लाइनला तावारेस मध्ये आणि नायलँडर उजवीकडे. पाच चकत्या झटक्यात लागल्या. आणि मग मी बोर्डसमोर चहा घेऊन उभा, कारण पुढची सहावी चकती कोणती ते ठरेना. मॅकमॅन, पॅचिओरेटी, होल्मबर्ग, डोमी, रॉबर्टसन, यांना मी संगीत खुर्चीसारखं फिरवत बसलो आणि मग लक्षात आलं की सीझनभर खरा कोचही तेच करत होता. चौथी लाइन परत ठीक लागली, लॉरेंट्झ, लॉटन, यार्नक्रोक, कष्टाळू माणसं, पक (बॉलऐवजी असते ती रबरी तबकडी) अडवायची आणि वेळ काढायची. पण तिसरी? तिसरी लाइन म्हणजे नुसती उरलेल्या चकत्यांची ओळ.

मग मी मार्कर घेऊन प्रत्येक चकतीखाली पगार लिहिला. हे जरूर करा, बोर्ड घेतलात तर पहिल्याच दिवशी करा. एनएचएलमध्ये सॅलरी कॅप आहे, म्हणजे पगाराच्या बेरजेवर मर्यादा, २०२४-२५ ला पूर्ण टीमसाठी ८८ मिलियन डॉलर. मॅथ्यूज १३.२५, नायलँडर ११.५, तावारेस ११, मार्नर १०.९. बेरीज केली तर साडेसेहेचाळीसच्या वर जाते. म्हणजे चार फॉरवर्डवर अर्ध्याहून जास्त पैसे, आणि उरलेल्या पैशात आठ फॉरवर्ड, सगळे डिफेन्सवाले, दोन गोली. घरातल्या दोन खोल्यांना इटालियन मार्बल लावायचा आणि संडासाला कडी नाही, तसलं हे. त्यात नशिबाचा भाग पण होता बरं का, तावारेस आणि मार्नरचे करार झाले तेव्हा कॅप दर वर्षी वाढेल असं सगळे धरून चालले होते आणि मग कोविड आला, कॅप ८१.५ वर तीन सीझन तशीच अडकून राहिली. तावारेसचा करार २०१८ चा, तेव्हा ११ मिलियन कोणाला वेडेपणा वाटला नव्हता, मलाही नाही. पण करार आपल्या जागी राहिले आणि तिसरी लाइन दर उन्हाळ्यात स्वस्तात कोण मिळतं त्यावर बनत राहिली.

आता दुसरी बाजू. मी फ्लोरिडाच्या चकत्या केल्या. तीसच चकत्या येतात त्यामुळे दोन टीम एकदम लागत नाहीत, मी दुसरं पाकीट घेतलं, त्याचे वेगळे बारा डॉलर, हा एक लुटीचा प्रकार आहे. फ्लोरिडाची पहिली लाइन रॉड्रिग्स, बार्कोव्ह, रायनहार्ट. दुसरी व्हरहेगी, बेनेट, टकाचक. तिसरी लुओस्टारिनेन, लुंडेल, मार्शांड. इथे थांबा जरा. हा ब्रॅड मार्शांड बॉस्टनचा कॅप्टन होता, मार्च २०२५ मध्ये फ्लोरिडानी त्याला आणला, आणि त्याला पहिल्या लाइनवर नाही, तिसऱ्या लाइनवर टाकला, दोन तरुण फिनलंडच्या पोरांबरोबर. टोरांटोच्या माणसाला मार्शांड म्हणजे काय ते सांगायची गरज नाही, बॉस्टनमध्ये असताना त्यानी आम्हाला २०१३, २०१८, २०१९, २०२४ असं चार वेळा सातव्या मॅचमध्ये घरी पाठवलंय, आणि २०२५ मध्ये शर्ट बदलून पाचव्यांदा. त्या ६-१ वाल्या सातव्या मॅचमध्ये लुंडेलनी एक गोल मारला, लुओस्टारिनेननी एक मारला, मार्शांडनी एक मारला. तिसऱ्या लाइनच्या तिघांनी एक-एक. समोरच्यांची तिसरी लाइन आपल्याला घरी येऊन मारून जाते आणि आपल्या तिसऱ्या लाइनवर कोण आहे ते मला बोर्डसमोर उभं राहून आठवावं लागतं! इथे माझा चहा गार झाला.

मुलगा म्हणाला, "बाबा, मग मार्नरला तिसऱ्या लाइनवर टाक ना." अकरा वर्षांचा आहे. त्यानीच चकती उचलली आणि खाली ठेवली. गंमत म्हणजे ते दिसायला एकदम बरं दिसतं, तिन्ही लाइनवर एक-एक मोठं नाव, सगळीकडे थोडा-थोडा गोलचा धोका. पण मग मॅथ्यूजला पास कोण देणार? चकती हलवायला काही लागत नाही, तिच्याबरोबर काय हललं ते मात्र डोळे उघडे ठेवून बघावं लागतं.

इथे आमच्या शेजारच्या पाजींचं ऐकण्यासारखं आहे. ते तीस वर्षं इथे आहेत, हॉकी नाइट पंजाबी कॉमेंट्रीमध्ये बघतात, २००८ पासून ती कॉमेंट्री चालू आहे आणि मला पंजाबी अर्धवट कळत असून मी पण त्यांच्याकडे बसून तीच बघतो, कारण इंग्रजीपेक्षा जास्त मजा येते. पाजी बोर्ड बघून म्हणाले की तू तीन-तीन चकत्या एकदम उचलतोस ते चूक आहे, दोन-दोन उचल. म्हणजे जोड्या लाव, तिसरा माणूस नंतर. मॅथ्यूज-मार्नर ही जोडी, तावारेस-नायलँडर ही जोडी, बार्कोव्ह-रायनहार्ट जोडी, लुंडेल-लुओस्टारिनेन जोडी. तिसरा माणूस फिरता. खरे कोचही बरेचदा असंच करतात, मॅच बिघडायला लागली की जोडी ठेवतात आणि तिसरा बदलतात. हे कळल्यावर माझं बोर्डावरचं काम निम्मं झालं. आता प्रश्न असा असतो की या जोडीला काय कमी आहे? एक गोल मारणारा आणि एक पास देणारा असेल तर तिसरा कोपऱ्यात घुसून पक काढून आणणारा हवा, तो देखणा खेळत नसला तरी चालेल. सगळेच पास देणारे असले की पक नुसता फिरत राहतो, आणि सगळेच पक काढणारे असले की पक निघतो पण जाळ्यात जात नाही.

एडमंटनचं उदाहरण बघा. झॅक हायमन, हा आपला टोरांटोचाच होता आधी, मॅकडेव्हिडच्या बाजूला हा माणूस गोलसमोर जाऊन ठाण मांडतो, २०२३-२४ मध्ये ५४ गोल मारले त्यानी. २०२५ मध्ये डॅलसविरुद्धच्या सिरीजमध्ये त्याच्या मनगटाला लागलं आणि फायनलला तो नव्हता. मी फायनल सगळी या बोर्डावर लावून बघितली. हायमनची एक चकती काढून बाजूच्या पट्टीत ठेवली तेव्हा वाटलं एकच तर जागा भरायचीये. पण त्याच्या जागी दुसऱ्या लाइनचा कोणी वर आणला की दुसरीत भोक, तिथे तिसरीचा आणला की तिसरीत भोक. कोच कधी मॅकडेव्हिड आणि ड्रायसायटलला एकत्र खेळवायचा, कधी वेगळं करायचा. एकत्र ठेवले की जगातली सगळ्यात खतरनाक लाइन, पण ते दोघं बाकावर गेले की भीती संपली. वेगळे ठेवले की दोन लाइनवर भीती, पण दोन्हीकडे मदत अपुरी. फ्लोरिडानी सहा मॅचमध्ये संपवलं, मार्शांडचे फायनलमध्ये सहा गोल, बेनेटचे पूर्ण प्लेऑफमध्ये १५ आणि सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ पण त्यालाच. पहिल्या लाइनचा रायनहार्ट उगाच मागे नको म्हणून शेवटच्या मॅचमध्ये त्यानी एकट्यानी चार मारले. म्हणजे तुम्ही कुठली लाइन अडवायची ते आधी ठरवा आणि मग दुसऱ्या लाइनकडून मार खा.

आता बोर्डातला पहिला खरा दोष. चकतीवर डावा-उजवा कळत नाही. तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं. मी खडकीत वाढलो, धनराज पिल्लेचं गाव आमचं, लहानपणी आम्ही सगळेच मैदानावर स्टिक घेऊन पळायचो. आणि फील्ड हॉकीत डावखुरी स्टिक नसतेच, नियमच आहे, स्टिकची एकच सपाट बाजू आणि सगळे उजवे, तुम्ही घरी डाव्या हातानी जेवत असाल तरी मैदानावर उजवे. त्यामुळे इथे आल्यावर कितीतरी वर्षं माझ्या डोक्यातच आलं नाही की कोण कुठल्या हातानी मारतो हा एवढा मोठा विषय असू शकतो. बर्फावर स्टिक दोन्ही प्रकारच्या. डावीकडून खेळणाऱ्याची स्टिक डावी असेल तर भिंतीच्या कडेनी येणारा पक त्याला सरळ घेता येतो, आणि तोच उलट्या बाजूला खेळला तर पास आल्या-आल्या थेट मारायला अँगल चांगला मिळतो पण भिंतीशी पक उलट्या हातानी घ्यावा लागतो. फेसऑफला, म्हणजे दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू करतात तेव्हा, पण तेच, एक सेंटर डावा आणि एक उजवा असला की ज्या बाजूला फेसऑफ त्या बाजूचा माणूस पाठवता येतो. हे बोर्डावर दाखवायची काही सोय नाही. मी बायकोचं लाल नेलपॉलिश घेऊन उजव्यांच्या चकतीवर ठिपका दिला. तिला कळलं तेव्हा जे झालं ते इथे लिहित नाही.

आणि एवढं करून काय निघालं? फ्लोरिडाची ती तिसरी लाइन, लुओस्टारिनेन डावा, लुंडेल डावा, मार्शांड पण डावाच, आणि तो उजव्या विंगवर खेळतो. टकाचक पण तसाच. म्हणजे नेलपॉलिशचा अर्धा उद्योग वाया. पण अर्धाच, कारण टोरांटोत मार्नर उजवा आणि नायलँडर उजवा आणि त्यानंतर वरच्या दर्जाचा उजवा कोणी नाही हे मला त्या ठिपक्यांमुळेच दिसलं, ते पुढे येईल.

दुसरा दोष म्हणजे समोर कोण आहे ते बोर्डावर येत नाही. आइस हॉकीत खेळ थांबला की पाहुण्या टीमनी आधी आपली लाइन पाठवायची आणि घरच्या टीमनी ती बघून मग आपली, याला लास्ट चेंज म्हणतात. त्यामुळे घरच्या कोचला ठरवता येतं की समोरच्या बार्कोव्हसमोर कोण जाईल. बार्कोव्ह म्हणजे भिंत आहे, डिफेन्स करणाऱ्या फॉरवर्डला मिळणारी सेल्की ट्रॉफी त्याच्याकडे तीन वेळा आलीये. एक चांगली अडवणारी लाइन असली की तिला समोरच्या पहिल्या लाइनवर सोडून द्यायचं आणि आपल्या गोल मारणाऱ्यांना सोप्या लोकांसमोर पाठवायचं, हा सगळा खेळाचा गाभा. पाहुणे म्हणून गेलात की हे उलटं होतं, तेव्हा तुमच्या चारही लाइन अशा हव्यात की कोणीही कोणासमोर आलं तरी घात होणार नाही. एकाच बोर्डवर एकाच टीमचे बारा चौकोन असतील तर हे कसं दिसणार? मी वरच्या रिंकच्या चित्रात समोरच्या टीमच्या लाइन लावतो, जुगाड आहे, पण चालतं.

तिसरा दोष वस्तूचाच. चकत्यांचं मॅग्नेट कमजोर आहे. नवीन होत्या तेव्हा ठीक, दीड महिन्यानी दार आपटलं की चौथी लाइन खाली. एक चकती फ्रीजखाली गेली ती अजून तिथेच आहे. मार्कर आठवडाभर पुसला नाही तर डाग राहतो, माझ्या बोर्डावर मार्नरचा १०.९ हा आकडा आता कायमचा कोरला गेलाय, माणूस टीम सोडून गेला तरी पगार राहिला. दुकानात बदलून मागायला गेलो तर पाकीट फोडलंय म्हणून नाही म्हणाले, वर काउंटरवरचा पोरगा म्हणाला की सर हे कोच लोक मॅचपुरतं वापरतात, तुम्ही रोज वापरता का? मी म्हटलं हो. तो काही बोलला नाही.

पण खरं सांगू का, या बोर्डाची सगळ्यात जास्त मजा आली ती जुन्या टीम लावण्यात, त्याचा कोणी विचारच करत नाही. मी टॅम्पा लावली, २०२० आणि २०२१ ला लागोपाठ स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचा कप, जिंकलेली. वर कुचेरोव्ह, ब्रेडन पॉइंट वगैरे आहेतच, पण तिसरी लाइन बघा, गुड्रो, गोर्ड, कोलमन. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांनी कोलमन आणि गुड्रोसाठी मिळून पहिल्या फेरीचे दोन पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडायचे हक्क, दिले, तेव्हा लोक हसले होते की तिसऱ्या लाइनच्या माणसांना एवढी किंमत कोण देतं. पण त्या दोघांचा पगार मिळून साधारण २७ लाख डॉलर होता आणि दोघांच्या करारात पुढचा एक सीझन शिल्लक होता, म्हणजे भारी आणि स्वस्त, आणि दोन वेळा वापरता येणारे. गोर्डला तर ड्राफ्टमध्ये कोणी घेतलंच नव्हतं. दोन कप झाले. मग २०२१ च्या उन्हाळ्यात तिघंही गेले, गोर्ड सिॲटलला, कोलमन कॅल्गरीला, गुड्रो न्यूयॉर्क रेंजर्सला. टॅम्पा २०२२ ला परत फायनलला पोचली पण कोलोरॅडोनी हरवलं. फक्त त्या तीन चकत्यांमुळे हरले असं मी म्हणत नाही, पण त्या काढून बघा, बोर्ड एकदम बोडका दिसतो.

मग पिट्सबर्ग २०१६. क्रॉसबी एका लाइनवर, माल्किन दुसऱ्या, आणि तिसऱ्यावर हॅगलिन, बोनिनो, केसल. एक वाऱ्यासारखा पळणारा, एक शांत डोक्याचा सेंटर, एक नुसता गोल मारणारा. केसल आदल्याच वर्षी टोरांटोतून गेलेला, इथे त्याला आळशी म्हणून लोकांनी हैराण केलं होतं, आणि तिथे जाऊन प्लेऑफमध्ये टीममधले सगळ्यात जास्त पॉइंट (गोल अधिक गोलसाठी दिलेले पास) त्याचे, २२. टोरांटोत तो पहिल्या लाइनवर सगळ्यांच्या माऱ्याखाली होता, तिकडे समोरच्याचे चांगले डिफेन्सवाले क्रॉसबी आणि माल्किनच्या मागे, याला मोकळं रान. माणूस तोच, बोर्डावरची जागा वेगळी.

आणि डेट्रॉइट तर माझी सगळ्यात आवडती. ड्रेपर, मॉल्टबी, मॅकार्टी, ग्राइंड लाइन म्हणायचे तिला, नावातच दळण आहे. क्रिस ड्रेपरला १९९३ मध्ये विनिपेगकडून घेतला तो किती डॉलरला माहितीये? एक. अक्षरशः एक डॉलर. त्या एका डॉलरच्या माणसानी डेट्रॉइटसाठी चार कप उचलले. मी त्याच्या चकतीखाली पगाराच्या जागी १ लिहून ठेवलाय. पाजी ते बघून एवढे हसले की चहा सांडला, तो डाग पण बोर्डावर आहे.

घरी या बोर्डाचा दुसरा उपयोग निघाला तो सांगायलाच हवा. गणपतीत आमच्या ओळखीतल्या आठ-दहा घरांचं मिळून जेवण असतं, कामं वाटून द्यायची असतात. बायकोनी माझ्या सगळ्या लाइन पुसल्या आणि मोदक वळणाऱ्यांची एक ओळ, वाढपाची एक, भांड्यांची एक, आणि पोरं सांभाळायची चौथी, अशी माणसं लावली. मला चौथ्या लाइनवर टाकलं होतं. मी म्हटलं निदान वाढपात घे, तर म्हणाली, "मोदकाच्या जोड्या मी आधी लावल्यात, तू फिरता." म्हणजे पाजींचं बोलणं तिनी पण ऐकलं होतं. काम मात्र झकास झालं, मागच्या वर्षी सगळ्या चांगल्या मोदक वळणाऱ्या एकाच वेळी थकून बसल्या होत्या, या वेळेला तसं झालं नाही.

कोणी घ्यावा? मुलांच्या टीमला मदत करत असाल तर घ्याच. नुसते बघे असाल, माझ्यासारखे, तर आधी फ्रीजच्या दारावर कागदाच्या चिठ्ठ्या लावून एक आठवडा खेळून बघा, कंटाळा नाही आला तर सत्तर डॉलर टाका. घेतलात तर चकत्या वेगळ्या घ्या, जाड मॅग्नेटच्या, दोन रंगाच्या मिळाल्या तर डाव्या-उजव्याचा प्रश्नच मिटला आणि घरातलं नेलपॉलिश वाचलं. मार्कर त्यांचा वापरू नका. गोलीचे दोन चौकोन फार कोपऱ्यात आहेत, तिथे हुकाचा उंचवटा येतो आणि दुसऱ्या गोलीची चकती सारखी तिरकी बसते, बिचारा तसाही बसूनच असतो. पाचपैकी साडेतीन देतो. मॅग्नेट चांगले असते तर चार दिले असते.

हे लिहितोय तेव्हा २०२५-२६ चा सीझन ऑक्टोबरला सुरू व्हायचाय आणि त्या सीझनसाठी कॅप ९५.५ मिलियन झालीये. मार्नर वेगासला गेला, वर्षाला १२ मिलियन, आठ वर्षं. त्याच्या बदल्यात निकोलस रॉय आला, हा वेगासनी २०२३ ला कप जिंकला तेव्हा त्यांच्या खालच्या लाइनवर होता, म्हणजे शेवटी तिसऱ्या लाइनला एक धड सेंटर मिळाला. तावारेस ४.३८ वर राहिला, ११ वरून ४.३८, माणसानी घरासाठी पाणी सोडलं पैशावर. युटाहून मॅचेली आलाय, व्हँकुव्हरकडून जोशुआ आलाय. बोर्डावर तिसरी आणि चौथी लाइन पहिल्यांदाच अशी लागलीये की चकत्या आठवाव्या लागत नाहीत. पण मॅथ्यूजच्या उजवीकडे काय करायचं ते मला तीन आठवडे झाले कळत नाहीये. नायलँडर वर आणला की तावारेसची जोडी तुटते. मॅचेली डावा, डोमी डावा. फ्लोरिडावाले डाव्याला उजवीकडे खेळवतात म्हणून आपण पण करून बघावं का, तर त्यांच्याकडे मार्शांड आहे. चकती पण नाहीये, तीच फ्रीजखाली गेलीये. तूर्तास तिथे बायकोनी फ्रीजवरचा मोदकाचा मॅग्नेट चिकटवलाय, आणि तो अजून एकदाही पडलेला नाही.